ओहोळाकाठच्या माणसाचं आडनाव

सासवडच्या आसपासच्या माळरानांवर एक लहानसा, तांबूस छटेचा, डोक्यावर तुरा असलेला चंडोल राहतो. दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करत गाणारा हा पक्षी खास दख्खनचा. इंग्रजीत मात्र तो 'सायक्सेस लार्क', म्हणजे सायक्सचा चंडोल. मागच्या खेपेला आमच्याबरोबर आलेल्या एका शाळकरी मुलीनं विचारलं, "हा सायक्स कोण?" ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कर्नल सायक्सविषयी चार वाक्यं सांगून झाली, तर तिचा पुढचा प्रश्न आला: "पण सायक्स म्हणजे काय?" याला एक अख्खा लेख लागेल, असं मी तिला म्हटलं. हा तो लेख.

त्या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशरमध्ये आहे. तिथल्या डोंगराळ भागात लहान ओढ्याला 'साइक' म्हणतात. हा जुना शब्द, आणि तिथल्या बोलीत तो अजून आहे. असा ओढा पुष्कळदा दोन जमिनींमधली हद्दही असायचा. त्याच्या काठावर राहणारा तो सायक्स. आपल्याकडे ओहोळ आडनाव आहे, अगदी तसंच.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर आधी जमीनदारांनी आणि मग हळूहळू रयतेनं वडिलोपार्जित आडनावं घेतली. गावात चार जॉन असले की करवसुलीच्या कागदावर ओढ्याकाठचा जॉन वेगळा दाखवावा लागे. पुढे त्याचा मुलगा ओढा सोडून टेकडीवर राहायला गेला तरी तो सायक्सच राहिला. टोपणनाव वारशानं जाऊ लागलं की त्याचं आडनाव होतं. पश्चिम यॉर्कशरमध्ये, हडर्सफील्डच्या परिसरात, हे सुमारे सातशे वर्षांपूर्वी घडलं.

आता मुद्दा असा की यॉर्कशरमध्ये ओढे शेकडो आहेत. मग ओढ्याकाठची माणसंही शेकडो असणार आणि हे आडनाव ठिकठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना, तयार झालं असणार. आडनावांचे अभ्यासक जुने कागद पाहून असंच मानत होते. तर्क बिनचूक वाटतो. आपल्याकडच्या काळे, गोरे, पाटील यांना आपण तो लावतोच.

ऑक्सफर्डमधले जनुकशास्त्रज्ञ ब्रायन सायक्स यांना मात्र हे तपासून पाहायची संधी स्वतःच्याच नावामुळे मिळाली. तेव्हा ग्लॅक्सो वेलकम या औषध कंपनीचे अध्यक्ष होते सर रिचर्ड सायक्स. तुम्ही दोघं नातेवाईक का, असं ब्रायन यांना विचारलं गेलं. माहीत असलेलं नातं काही नव्हतं. त्यांनी दोघांचं वाय गुणसूत्र, म्हणजे फक्त पुरुषांत असणारं गुणसूत्र, तपासलं, आणि ते जुळलं.

इथे मला जरा थांबायचंय, कारण या सगळ्या कथेतला माझा सर्वांत आवडता भाग इथे आहे.

शाळेत शिकलेलं आठवा. आपल्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. पुढच्या पिढीत जाण्याआधी जोडीतली दोन गुणसूत्रं आपापले तुकडे अदलाबदल करतात, त्यामुळे पणजोबांचं गुणसूत्र जसंच्या तसं पणतूकडे पोचत नाही. वाय गुणसूत्र याला अपवाद आहे. त्याला बरोबरीचा जोडीदारच नाही. टोकांचे छोटे भाग सोडले तर त्याचा जवळजवळ ९५ टक्के भाग बापाकडून मुलाकडे अखंड जातो. इंग्लंडमध्ये आडनावही बापाकडून मुलाकडेच जातं. एक वारसा कागदावरचा, दुसरा पेशीतला, आणि दोघांची वाट एकच.

पण अखंड जाणारी गोष्ट सगळ्या पुरुषांत सारखीच असती तर तिचा उपयोग शून्य होता. ओळख पटायला फरक हवा. तो कुठून येतो? डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक पोथी. तिच्यात काही ठिकाणी एकच लहान तुकडा पुन्हा पुन्हा येतो, गाटा-गाटा-गाटा असा, दहा वेळा, चौदा वेळा. पोथी उतरवून काढणारा लेखनिक डोळ्यांसमोर आणा. ओवी उतरवताना त्याची चूक क्वचितच होते, झाली तरी कळते. पण 'ग्यानबा तुकाराम, ग्यानबा तुकाराम' असं ओळीनं चौदा वेळा लिहिलेलं असेल तर? नजर एका शब्दानं घसरते आणि नव्या प्रतीत ते पंधरा वेळा येतं, नाहीतर तेरा वेळा.

पेशीतही जवळपास हेच होतं. नक्कल चालू असताना नवा धागा क्षणभर जुन्यापासून सुटतो आणि पुन्हा चिकटताना एका तुकड्यानं सरकून चिकटतो. सगळे तुकडे सारखेच असल्यामुळे चुकीची जोडणीही घट्ट बसते. उरलेल्या तुकड्याचा एक फुगवटा तयार होतो. फुगवटा नव्या धाग्यावर असला तर संख्या एकानं वाढते, जुन्यावर असला तर घटते.

अशी घसरण एका ठिकाणी सरासरी हजार बाप-मुलांमागे दोनदा होते. हा वेग आडनावांच्या अभ्यासासाठी अगदी सोयीचा आहे. साधा हिशेब करा. सातशे वर्षांत तीस वर्षांची एक, अशा साधारण २३ पिढ्या होतात. चार ठिकाणं मोजली तर २३ गुणिले ४ म्हणजे ९२ नकला. प्रत्येक नकलेत हजारात दोन या दरानं घसरणीची अपेक्षा येते ०.१८. म्हणजे मूळ पुरुषापासून आजपर्यंत दर सहा वंशरेषांमधल्या पाच रेषांत चारही आकडे जसेच्या तसे राहिलेले असतात. हाच वेग शंभरपट असता तर घराण्याची खूण केव्हाच पुसली गेली असती. शंभरपट कमी असता तर शेजारच्या घराण्यातही तीच खूण दिसली असती.

याच चार ठिकाणांच्या आकड्यांवर ब्रायन सायक्स आणि कॅथरीन अर्व्हन यांनी काम केलं. सायक्स आडनावाच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या ४८ पुरुषांचे नमुने तपासून त्यांनी २००० साली निष्कर्ष छापले. जवळजवळ निम्म्या लोकांत चारही आकडे तंतोतंत तेच निघाले. त्याच भागातल्या इतर आडनावांच्या नमुन्यांत, आणि उरलेल्या ब्रिटनच्याही, तो संच सापडला नाही. ओढे शेकडो असतील, पण आजच्या सायक्सांचा मूळ पुरुष एकच असावा, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

मग उरलेल्या निम्म्यांचं काय? वर्तमानपत्रांना इथे लगेच व्यभिचार दिसतो. पण दत्तक घेतलेला मुलगा, आईचं आडनाव लावणारा मुलगा, इस्टेटीसाठी सासऱ्याचं नाव घेतलेला जावई, या सगळ्यांनी आडनाव आणि गुणसूत्र यांची फारकत होते. दर पिढीत शंभरातले फक्त तिघे असे वेगळे झाले, तरी ०.९७ स्वतःशी २३ वेळा गुणल्यावर निम्मेच उरतात. शंभरातली ९७ घरं सरळ चालूनही हा परिणाम होतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पुढे लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. स्मिथ, म्हणजे लोहार, हे नाव गावोगावी वेगवेगळं तयार झालेलं, त्यामुळे दोन स्मिथांचं वाय गुणसूत्र रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकंच जुळतं. अ‍ॅटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात मात्र बहुतेक सगळे एकाच मुळाचे. मधल्या पिढ्यांत कुणाला सात मुलगे झाले, कुणाला एकही नाही, या निव्वळ योगायोगानंही एखादी शाखा फोफावते आणि बाकीच्या विझतात, हेही त्यांनी दाखवलं. त्यामुळे सायक्सांचा मूळ पुरुष एकच होता, की अनेकांपैकी एकाचीच शाखा वाढली, हा प्रश्न नुसत्या टक्केवारीनं सुटत नाही.

त्यांचाच २००७ चा एक निष्कर्ष मी कितीदा वाचला असेन. पूर्व यॉर्कशरमधलं एक दुर्मीळ आडनाव. ते लावणाऱ्या एका गोऱ्या इंग्रज माणसाचं वाय गुणसूत्र निघालं पश्चिम आफ्रिकेतल्या अतिशय दुर्मीळ शाखेचं. त्याच आडनावाचे १८ जण तपासले, तर ७ जणांत तीच शाखा. त्यांच्या वंशावळी अठराव्या शतकापर्यंत मागे गेल्या तरी एकमेकींना मिळत नव्हत्या, म्हणजे सामाईक पूर्वज त्याच्याही आधीचा. आफ्रिकेतून यॉर्कशरला आलेल्या कुणा एका पुरुषाचा प्रवास चेहऱ्यावरून, घरातल्या आठवणींतून, कागदांवरून पार मिटला होता. तो गुणसूत्रात राहिला.

हे वाचून कुणी 'डीएनएवरून तुमचं घराणं, तुमचं गोत्र' सांगणाऱ्या जाहिरातींकडे वळेल, म्हणून सांगतो. २३ पिढ्या मागे तुमच्या वंशवृक्षात ८३ लाख ८८ हजार ६०८ जागा असतात. त्यांतली अनेक माणसं पुन्हा पुन्हा आलेली असतात, पण वाय गुणसूत्र त्या सगळ्या जागांपैकी एकीचीच गोष्ट सांगतं. त्यावरून रक्ताची शुद्धता किंवा घराण्याची थोरवी काढणं म्हणजे शुद्ध थाप. इंग्लंडात आडनावावरून 'कुलचिन्ह' छापून विकणारेही असतात. तिथल्या कायद्यानं कुलचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं. आडनावाला ते कधीच मिळत नाही.

आता त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. विल्यम हेन्री सायक्स १७९० साली जन्मला. वडील सॅम्युअल, यॉर्कशरमधल्या फ्रिझिंग हॉलचे. शतकानुशतकं डोंगरातल्या खोऱ्यांना चिकटून राहिलेलं हे नाव ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर दख्खनला आलं. १८१७ साली खडकीच्या लढाईत तो पेशव्यांविरुद्ध लढला. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी त्यानं दख्खनच्या गावांची माहिती गोळा केली, आणि तीच नजर पक्ष्यांकडे आणि माशांकडे वळवली. फौजेतून आलेल्या या माणसाच्या नोंदी मी आजही आदरानं वाचतो.

भीमेच्या खोऱ्यातल्या माशांना नावं देताना त्यानं इथे ऐकलेले शब्द लॅटिन नावांत बसवले: पोटेल, कोलुस, मुसुल्ला. त्यातला पोटेल त्यानं 'सायप्रिनस' प्रजातीत (इंग्रजीत जीनस) टाकला होता, पुढे तो 'लेबिओ'मध्ये गेला. प्राणिशास्त्राचा नियम असा की प्रजाती बदलली तर पहिल्या नामकर्त्याचं नाव आणि साल कंसात जातं. म्हणून आज त्या माशाचं पूर्ण नाव असं लिहितात: लेबिओ पोटेल (सायक्स, १८३९). यॉर्कशरच्या ओहोळाचं नाव भीमेतल्या माशापुढे, कंसात.