वायुगळती आणि जमिनीवर पालथे पडण्याचा सल्ला

‘रासायनिक वायूची गळती झाली, की ओला रुमाल नाकाला लावून जमिनीलगत पालथे पडावे,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे.

हा सल्ला आगीच्या धुरासाठी योग्य आहे, कारण तापलेला धूर छताकडे चढतो. तो वायुगळतीलाही लागू पडेल असे वाटणे स्वाभाविकच आहे. पाणी शुद्धीकरण केंद्रांत वापरला जाणारा क्लोरीन मात्र हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने ओढे, तळघरे आणि सखल गल्ल्यांत साचतो, म्हणजे जिथे पालथे पडायचे तिथेच. पडताळा सोपा आहे: क्लोरीनचा रेणुभार ७१, हवेचा सरासरी सुमारे २९; शाळेच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकावरून हा हिशेब कोणालाही करता येईल.

सांगली-तासगाव परिसरात बेदाण्याची शीतगृहे पुष्कळ आहेत, आणि अशा शीतगृहांत अमोनिया वापरला जातो. त्याचा रेणुभार १७ असल्याने तो हलका. तरीही द्रवरूपातून गळालेला अमोनिया अतिथंड पांढऱ्या धुक्यासारखा सुरुवातीला जमिनीलगतच पसरू शकतो. ओल्या फडक्याने किंचित आधार मिळतो, पण ते मुखवट्याची जागा घेत नाही.

म्हणून झेंडा किंवा धूर पाहून वाऱ्याची दिशा ओळखावी आणि वाऱ्याला आडवे चालत दूर जावे. ढगाने वाट अडवली असेल, तर घरात शिरून दारे-खिडक्या व पंखे बंद करावेत, क्लोरीन असल्यास वरच्या मजल्यावर जावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. टँकरवरील फलकावर १०१७ हा आकडा असेल तर क्लोरीन, १००५ असेल तर अमोनिया. तो दुरूनच वाचावा.