पट्ट्याची टीटी की चेनची टीटी?

‘२.० टीएफएसआय, ऑटोमॅटिक, टॉप कंडिशन.’ दुसऱ्या पिढीच्या जुन्या ऑडी टीटी या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातीत साधारण एवढंच असतं. लातूरचा, जालन्याचा किंवा नांदेडचा माणूस फोटो बघतो, किंमत आणि किलोमीटर विचारतो आणि पुण्या-मुंबईची वाट धरतो. विचारायचा प्रश्न राहूनच जातो: यातलं टू-लिटर इंजिन कुठलं?

कारण या गाडीत एकाच नावाची दोन वेगळी इंजिनं आली. दोन्ही चार सिलिंडरची, दोन्ही पेट्रोल टर्बो, दोन्ही १९८४ सीसी. त्यामुळे आरसीवर सीसीचा आकडा तोच दिसतो. पण एका इंजिनात टायमिंगला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवायला, रबरी पट्टा आहे आणि दुसऱ्यात चेन. दोघांची दुखणी वेगळी, तपासायची रीत वेगळी, आणि घ्यायची की सोडायची हा निर्णयही त्यावरच ठरतो.

२००६ मध्ये ही पिढी आली तेव्हा तिच्यात ईए ११३ हे पट्ट्याचं इंजिन होतं: २०० अश्वशक्ती, २८० न्यूटन मीटर टॉर्क. २०१० मध्ये गाडीचं रूप थोडं बदललं आणि आत ईए ८८८ हे चेनचं इंजिन बसलं: २११ अश्वशक्ती, ३५० न्यूटन मीटर. अकरा अश्वशक्तीचा फरक चालवताना कळणार नाही. सत्तर न्यूटन मीटरचा पहिल्याच ओव्हरटेकला कळतो. एक अपवाद लक्षात ठेवा. टीटीएस ही जास्त ताकदीची गाडी या पिढीत शेवटपर्यंत पट्ट्याच्याच इंजिनावर राहिली.

ओळखताना नोंदणीच्या वर्षावर जाऊ नका, कारण २०१० ला बनलेली गाडी २०११ ला पासिंग झालेली असू शकते. आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला नजर टाका. तिथे टायमिंगवर प्लास्टिकचं कव्हर असेल तर पट्टा, बोल्टने आवळलेलं धातूचं कव्हर असेल तर चेन. विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा हे खरं.

आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतं की चेन म्हणजे जन्मभराची आणि पट्टा म्हणजे डोक्याला ताप. पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. या दोन इंजिनांच्या बाबतीत मात्र मी त्यावर एक रुपया लावणार नाही.

पट्ट्याचं दुखणं सरळ आहे. रबर किलोमीटरने झिजतं तसं वयानेही झिजतं. पंधरा वर्षांची गाडी चाळीसच हजार चाललेली असली तरी पट्टा पंधरा वर्षांचाच. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड खोलावं लागतं. म्हणून बदलल्याचं बिल दाखवलं तर बदलला, बिल नसेल तर बदललेला नाही, असंच धरायचं. नवा पट्टा, त्याला ताणून धरणारा टेन्शनर, रोलर आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप एकदमच टाकायचा. तो खर्च झाला की पुढची काही वर्षं हा विषय संपतो.

या इंजिनाची दुसरी नाजूक जागा कॅम फॉलोअर, आणि तीच लोक विसरतात. हाय-प्रेशर फ्युएल पंप कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकावर चालतो आणि दोघांच्या मध्ये वाटीसारखा एक छोटा पोलादी तुकडा असतो. कॅम, म्हणजे दांड्यावरचा उंचवटा, त्यावर सतत घासत असतो. वाटीच्या तळाला काळं कडक कोटिंग असतं. ते गेलं की धातू झिजत जातो, शेवटी भोक पडतं, आणि मग पंप आणि कॅमशाफ्ट दोन्ही हातचे जातात. तपासणी मात्र सोपी आहे. इंजिन थंड असताना, फ्युएल लाइनमधलं प्रेशर उतरवून, जाणत्या मिस्त्रीने पंपाचे तीन बोल्ट काढले की वाटी हातात येते. उजेडात उलटी धरा. तळ सगळा काळा असेल तर उत्तम. मध्ये चकचकीत गोल दिसत असेल तर कोटिंग उडालंय, वाटी बदला आणि कॅमचा घासणारा भागही बघा. मधोमध खड्डाच पडलेला असेल तर गाडी तिथेच सोडा. एवढं करू न देणाऱ्या माणसाकडून ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेनच्या इंजिनात ही वाटी रोलरची झाली, त्यामुळे ते दुखणं गेलं. पण दोन नवी आली, आणि दोन्ही आत लपलेली.

पहिलं चेनच्या टेन्शनरचं. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर चेन ताणून धरतं. इंजिन बंद झालं की प्रेशर उतरतं, तेव्हा टेन्शनरची खिट्टी चेनला ढिली पडू देत नाही. सुरुवातीच्या टेन्शनरमध्ये ही खिट्टीच दगा देते. मग सकाळी सेल मारला की प्रेशर बनायच्या आधी ढिली चेन दाते सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. म्हणजे गाडी हायवेवर न दमता घरच्या पोर्चमध्ये मरते. पुढे सुधारित टेन्शनर आला. आत कुठला आहे ते खालच्या टायमिंग कव्हरवरचं छोटं बूच काढून, आत कॅमेरा घालून बघता येतं. चेन किती ताणली गेलीय याचा अंदाजही तिथूनच येतो. स्कॅनरवर कॅमशाफ्टची फेज, म्हणजे फिरण्यातली तिची जागा, वाचता येते, ती सरकलेली असेल तर चेन लांबलीय. गाडी बघायला जाताना बजावून सांगा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करा, मग पहिला स्टार्ट स्वतः ऐका. सुरू होताच क्षणभर खडखडाट आला तर सावध.

दुसरं ऑइल खाण्याचं. पिस्टनच्या ऑइल रिंग बारीक आणि ऑइल परत जायची भोकं लहान, ती काजळीने बुजतात. हजार किलोमीटरला अर्धा लिटर कंपनीच्या हिशेबात बसत होतं. काही इंजिनं त्याहून बरंच जास्त खातात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. हजाराला लिटर खाणारं इंजिन मुंबईहून नागपूरला जाईतो पाऊण लिटरच्या आसपास संपवेल, आणि डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण एका लिटरचंच असतं. इलाज म्हणजे इंजिन खोलून पिस्टन-रिंग बदलणं. एका दिवसाच्या चक्करीत हे पकडता येत नाही, म्हणून ऑइल टॉप-अपची बिलं मागा आणि प्लग काढून बघा.

चेनच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या गेलेल्या स्कोडा लॉरा आणि सुपर्बमधलं १.८ टीएसआय याच घराण्यातलं. त्यामुळे ते इंजिन खोललेले हात मराठवाड्यात सापडतात. टीटी स्वतः तयार होऊन हंगेरीतल्या ग्योरहून आली, तेव्हा दिवे, काचा, पत्रा यांची वाट बघावीच लागते.

बाकीची तपासणी दोन्हींना सारखी. सहा गिअरच्या एस-ट्रॉनिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ६०,००० किलोमीटरला बदललं का, क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, असेल तर मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या हॅल्डेक्स क्लचचं बदललं का, इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन काढला का. टायरची नक्षी भरपूर दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे वर्ष. मे महिन्यात ४२ अंशांत तापलेल्या समृद्धीच्या काँक्रीटवर जुन्या टायरने १२० चा वेग धरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आता कागदांचं. पट्ट्याच्या बऱ्याच गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी संपली आहे किंवा संपत आली आहे. फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे किमतीतच धरा. पुनर्नोंदणी पाच वर्षांपुरतीच मिळते. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाडीवर बंदीची टांगती तलवार आहे. ती इकडे आणायची तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी, मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स. एनओसी हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

माझं मत विचाराल तर महिन्यातून चार वेळा चालवायला, घरात दुसरी गाडी असताना, मी पट्ट्याचीच घेईन: नव्या पट्ट्याचं बिल, काळी वाटी आणि नूतनीकरण झालेली आरसी असेल तर. रोज चालवायची असेल आणि नोंदणीची वर्षं शिल्लक हवी असतील तर चेनची, पण सुधारित टेन्शनर बसवल्याचं बिल आणि ऑइलचा हिशेब दाखवला तरच. ही दोन्ही कागदं नसलेली चेनची टीटी कितीही चकचकीत असली, कितीही स्वस्त मिळत असली, तरी घेऊ नका.