रसाच्या द्राक्षांना वेलीवर किती घड ठेवावेत?
(रस काढून घेण्यासाठी माल आणणाऱ्या बागायतदारांसाठी)

गाळपाला माल येतो तेव्हा त्याची गोडी, आंबटपणा आणि रंग ठरून गेलेले असतात. यंत्र फक्त रस काढते. रसाची जात मांजरी मेडिका असो की एआरआय-516, रस कसा निघणार हे ऑक्टोबर छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) घड मोजतानाच ठरते.

हिशोब पानांचा करा. एक किलो द्राक्षे नीट पिकायला सुमारे एक चौरस मीटर पान लागते. मध्यम पान 120 चौरस सेंटिमीटरचे धरले, तर 15 पानांची एक फूट (नवी कोवळी फांदी) जेमतेम 200 ग्रॅमचा घड पोसते. म्हणून फुटीला एकच घड, तोही बुडाकडचा. 9 × 5 फूट अंतरावर एकरी 968 वेली बसतात. वेलीला 40 घड ठेवले तर 8 किलो, म्हणजे एकरी पावणेआठ टन माल. घड 300 ग्रॅमचे होत असतील तर संख्या तेवढ्याच प्रमाणात उतरवा. वजन वाढले म्हणून पाने वाढत नाहीत.

फूट पाच पानांची होऊन घड दिसू लागला की वांझ आणि दाटीच्या फुटी काढा. मणी सेट झाल्यावर (फुलांतून मणी धरल्यावर) दुसरा घड काढा, आणि आठ पानांच्या आत थांबलेल्या फुटीवर एकही ठेवू नका. डाऊनी (केवडा) रोगाने पाने गेली असतील तर पुन्हा मोजा: भार ठरतो तो शेवटपर्यंत हिरव्या राहणाऱ्या पानांवर. मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडू लागल्यावर) केलेल्या विरळणीने गोडी फारशी वाढत नाही. तेव्हा फक्त मागे राहिलेले हिरवे घड काढा, म्हणजे माल एकसारखा होईल.

भार जास्त झाला की साखर रेंगाळते. बागायतदार तोडणी लांबवतो, तोवर मार्चचे ऊन आंबटपणा जाळते. असा रस ना गोड ना आंबट, रंगालाही फिका. वेलीचा साठाही संपतो, मग खरड छाटणीनंतर (तोडणीनंतरची एप्रिलची छाटणी) फुटी मागेपुढे निघतात. उलट घड फारच कमी ठेवले तर वेल पाल्यावर जाते, घड सावलीत राहतात आणि रंग धरत नाही. शेवटच्या टप्प्यात गोडीसाठी जादा पोटॅश देण्याची सवय मात्र सोडा. रसाचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो, चव सपाट होते आणि रस टिकायला अवघड जातो.

तोडणीआधी सकाळी ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरचे, मधले आणि टोकाचे असे 100 मणी घ्या. एका मण्यावर रिफ्रॅक्टोमीटर (गोडी मोजायचे उपकरण) लावून काही कळत नाही. सगळे कुस्करून गाळा, मग मोजा. आकडा 18 ब्रिक्सच्या (गोडीचे माप) पुढे गेला की गाळपाची तारीख ठरवू.