कार्बन पोलाद व टायटॅनियम मिश्रधातू : गुणधर्मांची तुलना

कार्बन पोलाद म्हणजे लोखंड व सुमारे २ टक्क्यांपर्यंत कार्बन. टायटॅनियमच्या मिश्रधातूंपैकी सर्वाधिक खपाचा ‘ग्रेड ५’; त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असते. पुण्यात भोसरी-चिंचवडच्या यंत्रशाळांत ईएन ८ (मध्यम कार्बनचे) पोलाद रोजच्या हाताखालचे असल्याने येथे भर टायटॅनियमवर आहे.

या धातूच्या शोधाचे श्रेय वाटून दिले जाते. विल्यम ग्रेगर यांना तो १७९१ मध्ये कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत आढळला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यांनी १७९५ मध्ये रुटाइल या खनिजात तो स्वतंत्रपणे ओळखून त्याला नाव दिले. अग्रक्रम ग्रेगर यांचाच धरणे सयुक्तिक. तसे टायटॅनियमचे इल्मेनाइट खनिज रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही सापडते. महाग पडते ते त्यातून धातू वेगळा काढणे.

‘टायटॅनियम पोलादापेक्षा मजबूत’ हे सरसकट खरे नाही. नॉर्मलाइज केलेल्या (तापवून हवेत थंड केलेल्या) ईएन ८ चे ताणबल सुमारे ५५० मेगॅपास्कल, ॲनील केलेल्या (तापवून नरम केलेल्या) ग्रेड ५ चे किमान ८९५. पण उच्च कार्बन पोलादाची बारीक स्प्रिंग-तार २,००० च्याही पुढे जाते. खरा फरक वजनाचा. २० मिमी व्यासाचा, १ मीटर लांबीचा पोलादी गज सुमारे २.४७ किलो भरतो, ग्रेड ५ चा १.३९ किलो. यंगचा गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, मात्र पोलादाचा सुमारे २०५ गिगॅपास्कल व ग्रेड ५ चा ११४, म्हणून त्याच मापाचा टायटॅनियमचा शाफ्ट त्याच भाराखाली १.८ पट वाकतो. गुणांकाला घनतेने भागले तर दोन्ही जवळजवळ सारखेच निघतात, आणि नेमके हेच पोलादी भाग ‘टायटॅनियममध्ये करून द्या’ म्हणताना विसरले जाते.

पोलादाला निश्चित फटीग मर्यादा असते, म्हणजे वारंवार येणारा ताण तिच्या खाली राहिला तर तडा कधीच जात नाही, असे जुने ग्रंथ सांगतात. उच्चबल पोलादांत १ कोटी आवर्तनांनंतरही आतल्या अधातवीय कणापासून तडा जाताना आढळल्याने हे मत आता सावधपणे घ्यावे लागते; मृदू पोलादाबाबत ते बरेच टिकते.

टर्निंगमध्ये (लेथवरच्या कापकामात) कार्बाइड इन्सर्टने, म्हणजे टूलला बसवायच्या कठीण पात्याने, ईएन ८ मिनिटाला १५० मीटर वेगाने सहज कापले जाते, ग्रेड ५ साठी ५० मीटर ठेवतात. २० मिमी गजाला हे मिनिटाला सुमारे ८०० फेरे होतात. ग्रेड ५ ची उष्णतावाहकता पोलादाच्या सुमारे सातव्या भागाइतकी, त्यामुळे उष्णता चिपबरोबर न जाता टूलच्या धारेवर साचते. कूलंट भरपूर हवा, फीड (टूलची पुढे सरकण्याची चाल) मध्येच थांबवू नये. टूल नुसते घासत राहिले की धार जाते. बारीक चिप पेटल्यास पाणी मारू नये, कोरडी वाळू टाकावी. वेल्डिंगला हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू मागच्या बाजूनेही लागतो : चंदेरी सांधा चांगला, निळा संशयास्पद, पांढरी भुकटी दिसली तर काढून टाकावा.

पावसाळ्यात तेल न लावलेले पोलाद रातोरात तांबूस होते, टायटॅनियम ऑक्साइडच्या थरामुळे तसेच राहते. मात्र दोन्ही जोडून खाऱ्या पाण्यात ठेवल्यास पोलादी बोल्ट एरवीपेक्षा लवकर गंजतो.