पाचट दाबलं तर त्यातली साखर जाते का?

वाळवा तालुक्यात ऊस तुटून गेला की संध्याकाळी कुठं ना कुठं पाचट, म्हणजे रानात उरलेला उसाचा वाळका पाला, पेटलेलं दिसतंच, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख येऊन पडते आणि मला दरवेळी वाईट वाटतं, कारण जळतंय त्यात साखर आहे. खरंच आहे. वाळक्या पाचटात साधारण ४० टक्के सेल्युलोज असतं आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबच लांब साखळी. एन्झाइमनं ती तोडली की साखर, साखर आंबवली की इथेनॉल. पानिपतला इंडियन ऑइलनं २०२२ मध्ये असा प्लांट सुरू केला, वर्षाला २ लाख टन भाताच्या पेंढ्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचं असा त्याचा हिशोब, आणि तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं.

मग आपल्याकडं अडतंय कुठं? ट्रॉलीत. एकरी ३-४ टन पाचट निघतं पण ते एवढं फुगीर की ट्रॉली डोक्याच्या वर भरली तरी काट्यावर वजन भरत नाही, डिझेल मात्र तेवढंच जातं. मोकळं पाचट घनमीटरला १०० किलोसुद्धा भरत नाही, तेच कुट्टी करून, दाबून त्याच्या घट्ट कांड्या म्हणजे पेलेट केलं की ६०० किलोच्या आसपास जातं. बॉयलरसाठी भुसा दाबून जळणाच्या कांड्या, म्हणजे पांढरा कोळसा, करतात तसंच हे. वेगळा डिंक लागत नाही, मशीनमध्ये घासून गरम झालं की पाचटातलंच लिग्निन (झाडाचे धागे एकत्र धरणारा घटक) मऊ पडतं आणि गार झाल्यावर सगळं धरून ठेवतं. फक्त पाचटाबरोबर माती आली तर मशीनची डाय (ज्यातून पेलेट दाबून निघतं तो साचा) लवकर झिजते, त्यामुळं गोळा करतानाच जपायला पाहिजे.

आता इतकं घट्ट आवळल्यावर एन्झाइम आत शिरणार कसं, ही शंका मलाही होती. पण अमेरिकेत मक्याच्या धाटांवर प्रयोग झालेत, पेलेट केल्यानं साखर घटली नाही, काही वेळा थोडी वाढलीच, कारण दळण्यानं आणि उष्णतेनं धागे जरा मोकळे होतात. साधं पेलेट ग्लासभर पाण्यात टाकून बघा, बुडबुडे येतात, कडा फुगतात, चिरा पडतात आणि थोड्या वेळात तळाशी नुसता ओला भुसा. म्हणजे तो घट्टपणा रस्त्यापुरताच.

तरी रानातलं सगळं पाचट उचलू नये असं माझं ठाम मत आहे. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणाऱ्या पिकात, ते ओल धरतं, तण दाबतं, कुजून जमिनीला सेंद्रिय कर्ब देतं. एक सरी झाकून ठेवायची, शेजारच्या सरीतलं पेलेटसाठी द्यायचं, मी तरी असंच करीन.