चुन्याखालचा जांभा

थायलंडमधल्या सुखोथाई ऐतिहासिक उद्यानात गेलेल्या कोकणी माणसाला सगळ्यात आधी ओळख पटते ती दगडाची. बुद्धमूर्तीपुढे रांगेने उभे असलेले ते भोकाभोकांचे, तांबूस-काळे खांब म्हणजे आपला जांभा. रत्नागिरीत ज्याचे चिरे काढतात तोच. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या या राजधानीत विटांबरोबर त्याचाही वापर आहे.

पावसाळा आणि कडक उन्हाळा यांची आलटापालट लाखो वर्षं चालली की खडकातली सिलिका हळूहळू वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. असा बनतो जांभा. खाणीत ओला असताना तो साध्या हत्याराने कापता येतो. बाहेर काढून वाळवला की लोहाची संयुगं पाणी सोडून स्फटिकरूप घेतात, कण सांधले जातात आणि चिरा टणक होतो. मग पुन्हा भिजवला तरी तो मऊ पडत नाही. वाट महाथात (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) या मुख्य मंदिरातले गोल खांब पाहा : जात्याच्या तळीसारख्या चकत्या एकावर एक रचलेल्या दिसतात.

पण जांभ्यात नाक-डोळे कोरता येत नाहीत, छिन्नी लावली की भोकाशी कपचा उडतो. म्हणून वरून चुन्याचा गिलावा चढवत आणि शिल्प त्या गिलाव्यातच घडवत. विरवलेला चुना, बारीक वाळू आणि चिकटपणासाठी गुळासारखं काही गोड. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचा चुना आठवावा. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत बाहेरून आत घट्ट होत जातो. त्यामुळे पातळ थरच द्यावे लागतात. एकदम जाड लिंपलं तर वरची साल आवळते, आतलं ओलंच राहतं आणि भेग पडते.

म्हणजे आज ज्या खडबडीत भिंतींचे फोटो काढायला गर्दी होते, त्या कुणाच्या नजरेस पडाव्यात अशी बांधणाऱ्यांची कल्पनाच नव्हती. छपरं लाकडाची आणि कौलांची होती, ती गेली. खांबांची रांग दिसली की तिथे विहार होता असं समजावं, त्यामागे स्तूप. नावं तर आपल्याला जवळजवळ फुकटात कळतात : सुखोथाई म्हणजे सुखोदय, महाथात म्हणजे महाधातू (धातू म्हणजे इथे बुद्धाचे अवशेष), विहान म्हणजे विहार, मोंदोप म्हणजे मंडप. भोवती पानाच्या आकाराचे दगड रोवलेले असतील तर ते ‘सेमा’, आपली सीमा. त्यांच्या आत भिक्षूंना दीक्षा देत.

गिलावा पडतो कसा? बहुतेक वेळा खालून. भूजल विटांच्या आणि चिऱ्यांच्या सूक्ष्म भोकांतून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं, पृष्ठभागाशी वाळतं आणि विरघळलेले क्षार तिथेच स्फटिक होतात. स्फटिक वाढताना भोकं फोडतो. घरच्या भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार, म्हणून जोत्यालगतचा भाग आधी उघडा पडतो. अशा ठिकाणी सिमेंटने दुरुस्ती केली तर दुखणं सरकतं फक्त. सिमेंटमधून ओल नीट बाहेर पडत नाही, ती शेजारच्या जुन्या विटेतून वाट काढते आणि वर्षानुवर्षं टिकलेली वीट भुसभुशीत होते. त्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजणारे वड-पिंपळ असतातच.

उरलेला गिलावा पाहायचा तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जावं. महाथातच्या मुख्य स्तूपाच्या जोत्याभोवती हात जोडून चालणारे 168 भिक्षू आहेत. माथ्यावरच्या उन्हात ते सपाट दिसतात, तिरप्या उन्हात प्रत्येकाच्या चिवराची कड उठून येते. वाट सी चुम मात्र सकाळीच गाठावं, कारण ते पूर्वाभिमुख आहे. तिथल्या मंडपाच्या भिंती तीनेक मीटर जाड आहेत, समोरच्या उभ्या फटीतून आधी फक्त बुद्धाचा चेहरा दिसतो. आत गेल्यावर कळतं की बैठी मूर्ती 15 मीटर उंच आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुसह्य असते. पसारा सायकलवर फिरण्याजोगा आहे आणि सायकली प्रवेशद्वाराजवळ भाड्याने मिळतात. मधला, उत्तरेचा आणि पश्चिमेचा असे विभाग आहेत, तिकिटं वेगवेगळी. पश्चिमेच्या टेकडीवरच्या वाट सफान हिनची वाट दगडी फरश्यांची आहे, पावसात शेवाळ धरते, चपलेने जाऊ नये. खांदे-गुडघे झाकलेले असावेत. स्तूपावर किंवा मूर्तीच्या चौथऱ्यावर चढू नये, गिलाव्याला हात तर लावूच नये : आतून सुटलेला पापुद्रा बाहेरून धडधाकट दिसतो.

एखादा दिवस जास्तीचा असेल तर उत्तरेला साठेक किलोमीटरवर सी सच्चनालय आहे. तिथल्या वाट चांग लोमच्या स्तूपाला चारही बाजूंनी हत्तींनी पाठ टेकलेली आहे. बहुतेकांच्या सोंडा गेल्यात. जिथून तुटल्या तिथे चुन्याची पांढरी कड आणि आत लालसर जांभा, दोन्ही एकाच जखमेत दिसतात.