पोदेर

गोव्यात पाव भाजणारा आणि तो दारोदार पोचवणारा, दोघांनाही पोदेर म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजमधून आला; 'पाव'ही तिथलाच. भल्या पहाटे आणि पुन्हा दुपार कलल्यावर सायकलच्या रबरी भोंग्याचा पों-पों आवाज वाड्यावाड्यांतून फिरतो. मागे बांबूची मोठी टोपली, त्यावर निळे प्लास्टिक. ज्यांना उठायचा कंटाळा ते रात्रीच फाटकाला पिशवी अडकवून ठेवतात.

टोपलीत मऊ चौकोनी पाव, कडक कवचाचा गोल उंडो, चहात बुडवायचे बांगडीच्या आकाराचे काकण आणि पोळी असते. मराठी वाचकाने इथे चपाती डोळ्यांसमोर आणू नये. ही पोळी (उच्चारात बहुधा 'पोई') आतून पोकळ, गव्हाच्या कणकेची, कोंडा लावलेली आणि जाडसर असते.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, तेव्हा पाव फुगवायला त्यांच्याकडचे खमीर इथे मिळेना. ती अडचण माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, सोडवली. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतील माजोर्डा गावच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी ही कला शिकवली, असे परंपरेने सांगतात. म्हणजे कृती परकी आणि आंबवण गोव्याचे. पुढे माडावर चढून ही सुरा काढणारे रेंदेर कमी होत गेले, तशी सुरेची जागा बाजारच्या यीस्टने घेतली. जुनी माणसे चव गेली म्हणतात ती इथूनच.

हिंदू घरांत मात्र पाव दीर्घकाळ निषिद्ध होता. विहिरीत पाव टाकला, लोकांनी नकळत पाणी प्यायले आणि अख्खा गाव बाटला, ही कथा गोव्यात आणि वसईकडेही ऐकू येते. तिला इतिहास म्हणण्यापेक्षा भीतीची आठवण म्हणणे बरे. धर्मांतरानंतर परतीची वाट आपल्याच समाजाने बंद केली होती, हेही त्या कथेत आहे, पण सांगताना ते सहसा गाळले जाते.

गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, यावर 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला आणि गोवा वेगळा राहिला. 1987 मध्ये कोकणीला राजभाषा ठरवणारा कायदा झाला, त्याच वर्षी 30 मे रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाला. कोकणी-मराठी वाद त्या कायद्याने मिटला नाही. पाव मात्र तोवर दोन्ही बाजूंच्या ताटात पोचला होता. आज हिंदूंच्या हॉटेलातली सकाळ पातळ भाजी आणि पावावर सुरू होते, आणि बाटवणारा पाव 'आमचा' झाला आहे.

'आमचा' म्हणजे नेमका कोणाचा, हा आता नवा वाद. काजू फेणीला 2009 मध्ये आणि बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वारसा कागदावर आणण्याची ही रीत. भट्टीसमोर मात्र वेगळे चित्र दिसते. लाकडाचा खर्च, रात्रीची जागरणे आणि पावाचे दर वाढवू न देणारे जनमत यांना कंटाळून अनेक जुन्या पोदेर कुटुंबांतली मुले परदेशी किंवा नोकरीत गेली. कित्येक भट्ट्या भाड्याने दिल्या गेल्या. तिथे कणीक मळणारे हात बहुधा कर्नाटकातले किंवा त्याहून दूरचे असतात. पाव बिघडला ही तक्रार रास्त आहे: मैद्याच्या पोळीवर वरून कोंडा भुरभुरला की ती 'पारंपरिक' म्हणून खपते. पण त्या तक्रारीत कोंड्याचे दुःख किती आणि बाहेरच्या माणसाविषयीचा राग किती, हे बोलणाऱ्याच्या सुरावरूनच ओळखावे लागते.